एकेचाळीस झाकणं

त्या सुताराबद्दल कारकुनाला खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. तीन भेटी, आणि तिन्ही मिळून नऊ दिवस. सुतार तरुणपणी कसा होता, त्याला मूलबाळ का झालं नाही, बायकोशी त्याची भांडणं होत की नाही, एकटा असताना तो काही गुणगुणत असे का, यातलं काहीच कारकुनाला सांगता येणार नाही. त्याला एकच गोष्ट माहीत होती, आणि ती त्या दोघांखेरीज कोणालाच माहीत नव्हती. एवढ्या भांडवलावर एखाद्या माणसाची हकिकत सांगायला बसणं हा आगाऊपणाच आहे. पण गेल्या हिवाळ्यात सुतार गेला, आणि ती गोष्ट जाणणारा कारकून तेवढा मागे उरला. तोही आता सत्तरीच्या पुढे आहे.

पहिली भेट तेवीस वर्षांपूर्वीची. कारकून तेव्हा जुन्या वस्तूंच्या खात्यात होता. वस्तू त्याने क्वचितच पाहिल्या, त्याचा संबंध त्यांच्या याद्यांशी. बाहेरगावच्या कामाला त्याला कोणी पाठवत नसे, कारण तो कोणाशी धड बोलत नसे. त्या वेळी नेहमीचा माणूस आजारी पडला आणि साहेबांनी याची मान धरली. "फक्त नंबर टाकायचेत आणि यादी करायची आहे. बोलायचं काय आहे त्यात?"

गाव डोंगराच्या खांद्यावर होतं. बसचा रस्ता तिथेच संपत होता. साठ-सत्तर घरं, दगडी भिंती, काळ्या दगडाच्या पातळ पाट्यांची छपरं, आणि उतार असा की एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या छपरावर सहज पाय टाकावा. समोर दरी आणि दरीपलीकडे सरळ उभा कडा. त्या कड्यात गुहा होत्या. गावात हातभर खणलं की खडक लागे, त्यामुळे पुरायला माती नव्हती. मेलेल्या माणसाला कापडात शिवून, लाकडी पेटीत ठेवून गुहेतल्या कपारीत नेऊन ठेवत. पेटीवर नाव घालायचं नाही, खूण करायची नाही, अशी रीत. ओळख जागेवरून. तिसऱ्या कपारीतली डावीकडून चौथी म्हणजे अमक्याची आजी. एकदा शिवलेलं कापड पुन्हा उसवायचं नाही, हीसुद्धा रीतच.

आता खालच्या गुहेचं छत सुटायला लागलं होतं. दोन दगड पडून एका पेटीचा चुराडा झाला होता. म्हणून उरलेल्या एकेचाळीस पेट्या पन्नास हात वरच्या कोरड्या गुहेत हलवायचं ठरलं. जागा बदलली की ओळख जाणार, म्हणून आधी नंबर घालायचे. त्यासाठी कारकून, एक यादी आणि पांढऱ्या रंगाचा एक डबा.

गावातल्या सगळ्या पेट्या सुताराच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातच्या. म्हणून कारकुनाची उतरायची सोय त्याच्याच घरी केली होती. घर म्हणजे पुढे काम करायची खोली आणि मागे झोपायची. पुढच्या खोलीत भुशाचा आणि डिंकाचा वास, खिडकीखाली लांब बाक, भिंतीला टेकून उभ्या पाच रिकाम्या पेट्या. कारकून त्यांच्याकडे बघत दारातच थबकला.

"या की आत," सुतार म्हणाला. "घाबरू नका, तुमच्या मापाची एकही नाही. तुम्ही उंच आहात. गुडघे दुमडावे लागतील."

कारकुनाला हसावं की नाही ते कळेना. तो म्हणाला, "आधीच करून ठेवता?"

"मग? थंडीत माणूस गेला की काय फळ्या वाळत घालू? चार-पाच तयार लागतातच." सुताराने एका पेटीचं झाकण काढलं, शेजारच्या पेटीवर ठेवलं आणि तळहाताने दाबलं. टक् करून झाकण बसलं. मग तेच तिसऱ्या पेटीवर. टक्. "बापाचा फर्मा आहे. गेल्या साठ वर्षांत सूतभर हललेला नाही. कुठलंही झाकण कुठल्याही पेटीला बसलंच पाहिजे. का सांगा?"

"का?"

"झाकण लावायची वेळ येते तेव्हा बाहेर बर्फ असतो, हाताची बोटं सुन्न झालेली असतात, आणि माणसं रडत असतात. तेव्हा हे याचं की त्याचं बघत बसायचं का?"

त्याच्या तोंडावरचं समाधान कारकुनाच्या लक्षात राहिलं. आपल्या हातून झालेल्या कुठल्या कामाबद्दल आपल्याला असं कधी वाटलं होतं का, हे तो आठवून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं खालच्या गुहेत उतरले. गावातले दोन म्हातारे तोंडाशी बसून क्रमाने नावं सांगत होते, कारकून यादीत उतरवून घेत होता आणि मग आत जाऊन नंबर टाकत होता. सुतार कंदील धरून बरोबर. कपारी अरुंद, पेट्या एकमेकींना खेटून. दिसायची ती फक्त झाकणं. पण नंबर झाकणांवर टाकण्याचं खरं कारण ते नव्हतं. कचेरीत फायलीचा नंबर नेहमी वरच्या वेष्टनावर टाकतात, आतल्या कागदांवर कोणी टाकत नाही. एकवीस वर्षं कारकुनाच्या हाताला तीच सवय. त्याने एक ते एकेचाळीस नंबर झाकणांवर टाकले, सुबक, एका मापाचे. सव्विसाव्या पेटीशी कंदील जरा खाली आला. "ही आमची," सुतार म्हणाला. "नऊ वर्षं झाली." कारकुनाने तो नंबर थोडा अधिक जपून काढला. त्याला तेवढंच सुचलं.

तिसऱ्या दिवशी हलवाहलव. घरच्या माणसांनी आपली पेटी हलताना पाहू नये, म्हणून गावातलं कोणी आलं नव्हतं. सुताराला तेवढी मोकळीक, कारण पेट्या त्याच्या. खालून दोर बांधायला तो, ओढायला रस्त्याच्या कामावरचे चार परगावचे मजूर, आणि वरच्या गुहेत यादी घेऊन कारकून.

पहिल्यांदा वर आला तो झाकणांचा गठ्ठा. दहा-बारा झाकणं, दोराने आवळलेली. कारकुनाला वाटलं, जास्तीची असतील. मग दुसरा गठ्ठा आला. मग तिसरा. मग पेट्या येऊ लागल्या, जमेल त्या क्रमाने, उघड्या, आत शिवलेलं कापड, कडेने दोर. चारही बाजूंनी कोरं लाकूड. कारकून एकेका पेटीभोवती फिरून बघत होता. त्याने खालच्या बाजूला वाकूनसुद्धा पाहिलं, जणू नंबर घसरून तिथे गेला असेल.

दोरावर पेटी कलते आणि झाकण निसटून दरीत जातं, म्हणून झाकण नेहमीच आधी काढून वेगळं न्यायचं. गावात पोराटोरांनाही हे ठाऊक होतं. कारकुनाला नव्हतं, आणि त्याने विचारलं नव्हतं.

मजुरांनी झाकणं उचलून लावायला सुरुवात केली. हाताला येईल ते झाकण, समोर येईल ती पेटी. टक्. टक्. "काय काम आहे मिस्त्रीचं," एक मजूर म्हणाला, "कुठलंही घ्या, बसतंय."

सगळं वर आल्यावर सुतार शिडीने चढून आला, कपाळाचा घाम पुसत. त्याने कारकुनाकडे पाहिलं, मग पेट्यांकडे, मग पुन्हा कारकुनाकडे. कारकुनाने एका पेटीच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. सुतार खाली बसला. मजूर शिडीपाशी विड्या ओढत बसले होते.

मग सुतार हळू म्हणाला, "काल तुम्ही लिहीत होतात तेव्हा माझ्या मनात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत, मिस्त्री?"

"म्हटलं, कचेरीचा माणूस आहे. विचार करूनच लिहीत असेल."

कारकुनाला सुताराच्या अंगावर ओरडावंसं वाटलं आणि स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. दोन्ही त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

सुतार उठला. पँटचे गुडघे झटकले. "यादीप्रमाणे ओळीने लावून घेऊ. उद्या लोक येतील."

आणि तसंच केलं. एकच्या शेजारी दोन, दोनच्या शेजारी तीन. कारकुनाने यादीखाली सही केली, शिक्का उठवला. दुसऱ्या दिवशी गाव आलं. जो तो आपला नंबर शोधून त्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला. सव्विसाव्या पेटीशी सुताराची मेहुणी आली होती. बस थांब्यावर चहाचं दुकान चालवणारी, तोंडाची फटकळ बाई. तिने झाकण पदराने पुसलं. "ताई, जागा छान मिळाली बघ तुला," ती म्हणाली. "सकाळचं ऊन येतं." मग मागे वळून, "हो ना हो, भावोजी?"

"येतं," सुतार म्हणाला.

कारकून त्याच दुपारी बसमध्ये बसला.

मग सहा वर्षं तो गप्प राहिला. म्हणजे तसा तो नेहमीच गप्प असे, त्यामुळे घरात कोणाला फरक कळला नाही. एकदा जेवताना बायकोला सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ते राहूनच गेलं. शेवटी रजा टाकून, पाय मोकळे करायला जातो असं सांगून तो पुन्हा त्या गावी गेला.

गावाचं आता नाव झालं होतं. सुट्टीच्या दिवशी दोन जास्तीच्या बस येत. लोक गुहा बघायला येत, आणि सुतार त्यांना वर घेऊन जाई. नवीन पेट्या लागतच नव्हत्या. तरुण माणसं खाली शहरात गेली होती, आणि मरायलाही तिथेच थांबत होती. कारकून त्या घोळक्यात मागे उभा राहिला. सुताराने त्याला पाहिलं, मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

"आजोबा, इथे भुतं दिसतात का हो?" एका पोरीने विचारलं.

"दिसतात ना. रविवारी. सकाळच्या बसने येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात."

लोक हसले. खाली उतरले. दोघंच राहिले तेव्हा कारकुनाने विचारलं, "कोणाला बोललात?"

"तुम्ही?"

"नाही."

"मग झालं तर."

कारकून म्हणाला की आपण कचेरीला लिहून देऊ, चूक माझी आहे, शिक्षा होईल ती होऊ दे. सुताराने ऐकून घेतलं. मग एका झाकणाकडे बोट दाखवलं. "हा चौदा. याच्याशी एक म्हातारी दर महिन्याला येते. पाय धड चालत नाहीत, तरी येते. मुलाशी बोलते. सुनेच्या चहाड्या सांगते त्याला. तिला जाऊन सांगू का, बाई गं, सहा वर्षं तू कोणा परक्याला घरचं सगळं सांगत बसलीस म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकुनाला दिसलं की सुतार एकटाच गुहेत चढला. हा मागोमाग गेला. सुतार एकतीस नंबरशी बसला होता, झाकणावर हात ठेवून, डोळे मिटून.

"सव्वीस तिकडे आहे," कारकून चाचरत म्हणाला. बोलल्यावर त्याला आपलीच लाज वाटली.

"काल तीसशी होतो. उद्या बत्तीस." सुताराने डोळे उघडले नाहीत. "एकेचाळीस दिवसांत एकदा तरी तिच्याशेजारी बसणं होतं. कोणता दिवस ते कळत नाही, एवढंच. गावाला वाटतं मिस्त्री फार मोठ्या मनाचा, सगळ्यांच्याच माणसांपाशी बसतो."

"तुमच्या हातची पेटी आहे. तुम्हाला ओळखता येत नाही?"

सुताराने झाकणावरचा हात काढून घेतला. मग तो म्हणाला, "तिच्यासाठी म्हणून केली असती तर ओळखली असती. रंध्याचा हात कळतो. ज्या वर्षी फळी घासली त्या वर्षीचा हात वेगळा असतो. पण तिची मी केली नाही. ती गेली त्या दिवशी माझ्याने बाकापाशी उभं राहवेना. भिंतीला पाच उभ्या होत्या, त्यातली एक दिली. अख्ख्या गावाला करून घातल्या, आणि तिला तयारच्यातली दिली."

एवढंच. तो उठला आणि खाली जाऊन चहा ठेवला. दुसऱ्या भेटीचे दोन दिवस असे गेले.

त्यानंतर कारकून निवृत्त झाला. बायको गेली. त्या गावी जायचं रोज मनात येई, आणि जाऊन तरी काय करणार म्हणून रोज राही. मग मागच्या वर्षी पानगळीच्या सुमारास दोन ओळींचं पत्र आलं. अक्षर बहुधा पोस्टमनचं असावं. 'गुहा बंद करणार आहेत. जमलं तर येऊन जा.'

बस थांब्यावर उतरताच मेहुणीने त्याला ओळखलं. आता तिचेही केस पांढरे झाले होते. तिने न विचारता चहा ओतला आणि आवाज चढवूनच सुरुवात केली.

"बरं झालं आलात. तुमचं ऐकतील ते. माझं तर ऐकायचंच नाही असं ठरवलंय."

तिच्याकडून कळलं ते असं. वरच्या गुहेचा कडाही आता भेगाळला होता. खात्याने गुहेला लोखंडी गज लावून ती कायमची बंद करायचं ठरवलं होतं. खाली रस्त्याला लागून बाहेरून माती आणून नवीन दफनभूमी केली होती. ज्यांना आपलं माणूस खाली आणायचं असेल त्यांनी अर्ज करायचा, महिनाअखेरपर्यंत. नवरा-बायकोला शेजारी जागा. सहा घरांनी अर्ज दिले होते. बाकीची घरं रिकामी होती, अर्ज करणार कोण?

"आणि हे सही करत नाहीत," ती म्हणाली. "नवऱ्याचीच सही लागते. नाहीतर मीच केली असती. पंधरा दिवस मागे लागलेय. ताईला वर गजाआड ठेवून हा माणूस खाली एकटा झोपणार! विचारलं तर म्हणतो, राहू दे तिला वर, हवा चांगली आहे. हवा! ऐकलंत? हवा खायला गेलीय का ती?"

तेवढ्यात सुतारच दारात आला. फार वाळला होता. दोन पायऱ्या चढून त्याला धाप लागली होती.

"साहेब, आलात होय," तो म्हणाला.

"भावोजी, यांच्यासमोर सांगा," मेहुणी म्हणाली. "उद्या शेवटचा दिवस. सही करणार की नाही?"

"नाही."

"का नाही?"

"पुन्हा कशाला हलवायचं तिला. एकदा हलवली ना."

"मग तुम्ही गेल्यावर तुम्हाला कोणाशेजारी ठेवू?"

"कोणाही शेजारी ठेव. मी काय बोलायला उठणार आहे?"

तिने कपबशी टेबलावर आपटली. "ताईने जन्म घालवला या दगडापायी. आजपासून माझ्या दुकानाची पायरी चढू नका. चहाला नाही, कशाला नाही. मला बहीण नाही आणि मला भावोजीही नाहीत."

सुताराने मान डोलवली, एखादं माप बरोबर आहे म्हणून डोलवावी तशी, आणि तो बाहेर पडला. कारकून मागोमाग.

घरी गेल्यावर कारकुनाने खिशातून कागद काढला. त्यात त्याने सगळं लिहून आणलं होतं. तारीख, यादी, झाकणं, चूक कोणाची. खाली सही. तो म्हणाला, "उद्या अधिकारी येतील. मी हे वाचून दाखवतो. मग तुमच्या मेहुणीलाही कळेल तुम्ही सही का करत नाही. निदान ती तरी तुटणार नाही."

सुताराने कागद घेतला, खिडकीपाशी नेऊन सावकाश वाचला. अक्षराला अक्षर लावून वाचत होता.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "आता सांगा. हे ऐकून तिला बहीण परत मिळेल?"

"नाही. पण..."

"आज तिला वाटतं, भावोजी दगड आहे आणि ताई वर उन्हात आहे. उद्या तुम्ही वाचून दाखवलंत की भावोजी बरा आहे, पण ताई कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. कुठलं बरं?"

"मग सही करून टाका. सव्वीस खाली आणू. तिला समाधान."

"सव्वीसमध्ये कोणाची तरी आई आहे, साहेब. नाहीतर कोणाचा बाप. तो माझ्याशेजारी आणून ठेवू? आणि हिला वर टाकून?" त्याने घडी घालून कागद परत दिला. थोडं हसला. "शिवाय मी परक्या बाईशेजारी झोपलो हे तिला कळलं, तर उठून येईल ती."

कारकुनाला हसू आलं नाही. सुतारही लगेच थांबला. मग म्हणाला, "एकच वाटतं. त्या सहा जणांत ती असेल तर? तर लोक तिला घेऊन जातील, दुसऱ्याच्या शेजारी पुरतील, आणि मी इथे उभा राहून दोर बांधून देईन."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच दोर बांधून दिले. खात्याकडून एक तरुण बाई आल्या होत्या, हातात कागद लावलेली पाटी. चुणचुणीत होत्या. गुहेत शिरताच त्यांच्या लक्षात आलं.

"नंबर झाकणांवर का टाकलेत? पेटीवर का नाहीत?" त्यांनी विचारलं. "खाली सोडताना झाकणं काढावी लागणार. मागेही काढली असतीलच. अदलाबदल झाली नसेल कशावरून?"

कारकुनाचा हात खिशाकडे गेला. बावीस वर्षं जो प्रश्न कोणी विचारला नव्हता तो या पोरीने आल्या आल्या विचारला होता. बोलायचं तर आत्ताच.

सुतार दोराची गाठ घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"अदलाबदल कशी होईल, बाई," तो म्हणाला. "माझ्या हातची आहेत. प्रत्येक झाकण आपल्या पेटीलाच बसतं. दुसऱ्याला लावून बघा, बोटभर फट राहील. आमचं काम काही एवढं सफाईचं नव्हतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. कारकुनाचा हात खिशातच राहिला. पुढे पुष्कळदा त्याने स्वतःला विचारलं की तेव्हा आपण सुताराच्या इच्छेसाठी गप्प राहिलो की आपल्या भित्र्या स्वभावासाठी. त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.

सहा झाकणं निघाली. सहा पेट्या एकेक करून कड्यावरून खाली गेल्या. प्रत्येक पेटी कड्याच्या टोकाशी आली की सुतार दोर तपासायच्या निमित्ताने वाकायचा आणि आतल्या शिवलेल्या कापडावर क्षणभर हात ठेवायचा. सहाही वेळा. बाई म्हणाल्या, "आजोबा, लवकर करा, उशीर होतोय." खाली माणसं वाट बघत उभी होती. पेटी जमिनीला लागली की त्यांचं रडणं वर ऐकू येई, आणि सुतार कान देऊन ते ऐके. पाचवी पेटी जाताना त्याचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. कारकुनाने डोळ्यांनीच विचारलं. सुताराने नकारार्थी मान हलवली. कळत नाही.

दुपारनंतर वेल्डिंगवाल्याने गज लावले. पस्तीस पेट्या आत राहिल्या. माणसं गेल्यावर सुताराने गजांतून हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला. गाल लोखंडाला दाबला गेला. लोखंड अजून गरम होतं. सगळ्यात जवळची पेटी बोटांपासून हातभर लांब राहिली. त्याने बोटं दोन-तीनदा हलवली आणि हात काढून घेतला.

"उद्यापासून सकाळी काय करायचं?" तो म्हणाला. तो कारकुनाला विचारत नव्हता.

तिसऱ्या दिवशी कारकून निघाला. सुतार थांब्यापर्यंत पोचवायला आला. मेहुणीच्या दुकानाचं दार उघडं होतं, ती आत भांडी घासत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. दोघं पलीकडच्या कठड्यावर बसले. वारा गार होता. कारकुनाला काहीतरी बोलायचं होतं. बावीस वर्षांत माफी मागायची राहून गेली होती, आणि ती कशी मागतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तो शब्द जुळवत राहिला आणि बस वळणावर दिसली.

सुताराने त्याची पिशवी उचलून पायरीवर ठेवली.

"पुढे बसा," तो म्हणाला. "मागे फार आपटतं."

"बरं." कारकून चढून पुढच्या खिडकीशी बसला. "तुम्ही जा आता, वारा आहे."

"जातो. आधी खिडकी लावून घ्या तुमची."

"लागत नाहीये, अडकलीय."

"वर उचलून मग ओढा. हां. आता बसली."